तिसरी नीट नको, सर. आधी लेकीशी बोला

पत्र, थोडक्यात: मी सांगोला तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलगी बारावी सायन्सला ८१ टक्के मिळवून पास झाली. नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा लातूरला ठेवून. तरी सरकारी एमबीबीएस मिळेल एवढे गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा बसवायचा विचार आहे. ती मात्र म्हणते, माणूस आणि प्राणी यांचं नातं उत्क्रांतीत कसं घडलं ते मला शिकायचंय. माझ्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यातून बाहेर पडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. आता ही आबांजवळ बसून मेंढ्यांचे जबडे बघते, हाडं जमवते, प्रत्येकावर मार्करनं तारीख आणि गाव लिहिते. मागच्या महिन्यात मी ती पेटी ओढ्यात टाकून दिली. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. माणसानं गरजेपोटी जनावरं पाळली, ती गरज आता संपली. यात करिअर कसलं? निदान बीएएमएस तरी करावं ना? मार्गदर्शन करावं.

उत्तर:

सर, नमस्कार.

गुणांचं नंतर बघू. तुमचं पत्र वाचताना मी पेटीच्या ओळीवर अडले, तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही शिक्षक आहात. वर्गातल्या एखाद्या मुलीची प्रयोगवही तिच्या बापानं ओढ्यात टाकली असं कानावर आलं असतं, तर तुम्ही त्याला शाळेत बोलावून घेतलं असतं. इथं वहीच्या जागी हाडं होती, म्हणून तुम्हाला ती घाण वाटली. पण तुम्हीच लिहिलंय की प्रत्येक हाडावर तारीख आणि गाव होतं. कुणी शिकवलेलं नसताना पोरगी नमुना कुठला आणि कधीचा हे टिपून ठेवते, ही शास्त्रातली पहिली शिस्त आहे. एमएस्सीपर्यंत पोचलेल्या कितीतरी मुलांना ती लागलेली नसते. प्राचीन वस्त्यांमधल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत असा संग्रह लागतोच: जनावर कुठलं, नर की मादी, किती वयाचं, हे पक्कं ठाऊक असलेली हाडं. उत्खननातला तुकडा त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुणी छातीठोकपणे बोलत नाही. शेळी आणि मेंढी यांची हाडं तर इतकी सारखी असतात, की मुरलेल्या अभ्यासकालाही कित्येक तुकडे ‘शेळी किंवा मेंढी’ अशा एकाच रकान्यात घालावे लागतात. तिनं जमवलेलं परत मिळणार नाही. निदान ते काय होतं, हे तुम्हाला कळलेलं असावं.

दुसरी गोष्ट अबोल्याची. ती तुम्ही जाता जाता एका वाक्यात उरकलीत. नीट दोनदा हुकलेलं पोर आधीच स्वतःला नापास समजत असतं. त्यात बापानं तोंड फिरवलं, की घरात आपल्याला गुणांपुरतीच जागा आहे, असं त्याच्या मनात बसतं. माझ्याकडे येणाऱ्या रिपीटर मुलांमध्ये मला अभ्यासाची भीती कमी दिसते, घरच्या जेवणाच्या ताटावरची भीती जास्त दिसते. तेव्हा कोणत्याही कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी एक काम करा. आज घरी गेल्यावर तिला सांगा, ‘पेटी टाकायला नको होती, माझं चुकलं.’ पुढं लगेच ‘पण’ जोडू नका. तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करा, काय बोलायचं ते विचारून घ्या.

आता मेंढरांबद्दल. तुमची भीती मला खोटी वाटत नाही. माणदेशात मेंढरं राखणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर लादून बाहेर पडायचं, दुसऱ्याच्या रानात वाडा बसवायचा, चार पायल्या धान्यासाठी हुज्जत घालायची, आणि पोरांच्या शाळेचा पत्ता नाही. तुम्ही त्यातून शिकून वर आलात. लेकीच्या तोंडी पुन्हा जनावरांचं नाव आल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असणार. पण सर, मेंढरांमागं फिरण्याचे हाल आणि मेंढरांविषयीचं ज्ञान यांची तुम्ही एकच मोट बांधली आहे. हाल संपले ते चांगलंच झालं. ज्ञान मात्र तुमच्या वडिलांबरोबर संपून जाईल, आणि ते जपू पाहणारं तुमच्या घरात सध्या एकच माणूस आहे.

वडिलांना विचारा, मेंढीचं वय कसं सांगतात. ते खालचा ओठ खाली ओढून पुढचे दात बघतील. आदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेली. जनावरांच्या बाजारात याच शब्दांवर भाव ठरतो. पुरातत्त्वातली माणसं हेच करतात, फक्त हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या मेंढीवर. जमिनीत पुरल्या गेलेल्या जबड्याचे पुढचे दात सुटून हरवतात, म्हणून ते दाढांकडे वळतात. दाढ झिजत जाते तसं वरचं पांढरं कवच घासून आतला पिवळट-तपकिरी भाग कोरीच्या आकारात उघडा पडतो. कोणत्या दाढेवर किती कोरी दिसतात, त्या एकमेकींना मिळाल्या का, यावरून जनावर कोणत्या वयात मेलं ते काढता येतं. एका गावच्या उकिरड्यातून असे पुरेसे जबडे निघाले की त्या गावचा कळप डोळ्यांसमोर उभा राहतो. वर्ष-दोन वर्षांचे नर भराभर कापले गेले असतील, तर कळप मटणासाठी होता. अगदी लहान कोकरं गेलेली आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत राखलेल्या असतील, तर दुधासाठी. मोठे खच्ची नरही टिकवले असतील, तर लोकरीसाठी. सेबॅस्टियन पेन या प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासकानं तुर्कस्तानातल्या आश्वान काले इथल्या जबड्यांवरून १९७३ मध्ये ही मांडणी केली आणि ती आजही वापरात आहे. तुमची लेक आबांपाशी बसून जे बघत होती, तो या विद्येचा पहिला धडा होता. तिला तो मातृभाषेत आणि जिवंत जनावरावर मिळत होता.

हे सगळं परदेशातलं आहे असंही समजू नका. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून पुढं अनेक हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत तिथं निघाली. हाडांत गाय-बैल, शेळ्यामेंढ्या, कुत्री होती, शिवाय रानातली हरणं. इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस घटला, शेती आक्रसली, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक शेळ्यामेंढ्या नि शिकारीच्या आधारानं अर्धे भटके झाले, असं ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळानं माणसाला नांगराकडून कळपाकडं ढकललं, ही गोष्ट सांगोल्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कोसंबींचंही उदाहरण देते. डी. डी. कोसंबी पेशानं गणिती. त्यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचली आणि ती सापडायच्या जागांची धनगरांच्या वाटांशी सांगड घातली. तुमच्या वडिलांच्या पायाखालची वाट इतिहासाचा पुरावा म्हणून एवढ्या मोठ्या विद्वानानं वाचली आहे.

‘गरजेपोटी पाळली, गरज संपली’ हे तुमचं वाक्य मात्र मी सोडणार नाही, कारण हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का बसलाय. माणसाळलेला पहिला प्राणी म्हणजे कुत्रा, आणि तो शेतीच्या कितीतरी आधी, शिकारी टोळ्यांमध्ये आला. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासल इथं १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत दोन माणसांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याची हाडं निघाली, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. शंभर वर्षांनी ल्यूक यान्सेन्स या पशुवैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दातांच्या कवचावरचे दोष तपासून दाखवलं, की ते सातेक महिन्यांचं पिल्लू डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगानं गंभीर आजारी होतं आणि तशा अवस्थेत बरेच आठवडे जगलं. कुणी जवळ बसून खाऊपिऊ घातल्याशिवाय ते जगणं शक्य नव्हतं. आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचं? गरजेचा हिशेब तिथंच कोलमडतो. आणि जनावरांना आपण बदललं तसं त्यांनीही आपल्याला बदललं. सस्तन प्राण्यांत अंगावरचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आटत जातं. माणसाचंही मुळात तसंच होतं. वायव्य तुर्कस्तानातल्या मडक्यांत सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा सापडल्या आहेत. कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या सिंधू संस्कृतीच्या भांड्यांतही दुधाचे अंश मिळाले आहेत. म्हणजे लोक आधी दूध वापरू लागले आणि मोठेपणीही ते पचवू देणारा जनुकीय बदल त्यानंतर, हजारो वर्षांत, पसरत गेला. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये तो वेगळ्या बदलांमधून स्वतंत्रपणे घडला. भारतात तो वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे कमी आढळतो. जगातल्या जवळपास दोनतृतीयांश प्रौढांमध्ये तो आजही नाही. सकाळचा चहा तुम्हाला पचतो की त्यानं पोट फुगतं, हे कुणाच्या तरी गोठ्यातून ठरलेलं आहे. ही उत्क्रांती झाली ती शेती आणि गुरं आल्यावर, अगदी अलीकडे.

डॉक्टरकीचीच ओढ असेल, तर तीही इथून फार लांब नाही. गोवराचा विषाणू आणि गुरांच्या बुळकांडीचा विषाणू एकाच मुळातून फुटलेले आहेत. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. गोवर अजून आहे. कोणता रोग कोणत्या जनावराकडून, कधी आणि कुठल्या प्रकारच्या सहवासातून माणसात आला, हा प्रश्न दवाखान्यातल्या डॉक्टरला पडतो तसाच हाडं वाचणाऱ्यालाही पडतो.

हे नातं याहून कितीतरी जुनं आहे. टांझानियात ओल्डुवाई घळीत अठरा लाख वर्षांपूर्वीची हाडं आहेत. भिंगाखाली त्यांवर दोन तऱ्हेचे ओरखडे दिसतात. दगडी पात्याची खाच अरुंद, तळाशी निमुळती आणि आत बारीक समांतर रेघा असलेली. दाताची खाच रुंद आणि गुळगुळीत. काही हाडांवर एक खाच दुसरीवरून गेलेली असते, आणि त्यावरून आधी माणूस पोचला की तरस, हे ठरवायचा प्रयत्न होतो. १९८१ मध्ये हे काम करणाऱ्यांपैकी एक होत्या पॅट शिपमन. पुढं २०१० मध्ये त्यांनी असं मांडलं, की हत्यारं, भाषा आणि पशुपालन या तिन्हींमागं प्राण्यांकडे बारकाईनं बघण्याची माणसाची सवय आहे. मला ही मांडणी सगळी पटत नाही. भाषेसारखी गोष्ट एकाच धाग्यात ओवायचा मोह त्यात दिसतो. पण तुमची लेक जो प्रश्न विचारते आहे, तो जगातल्या गंभीर अभ्यासकांचा प्रश्न आहे, हे तुम्हाला यावरून कळावं.

आता तिसरी नीट. तिला हवी असती तर मी वेगळं बोलले असते. तिला नकोय, आणि मन नसताना तिसऱ्या वर्षी गुण वाढतील या आशेवर तिचं आणखी एक वर्ष घालवू नका. ‘निदान बीएएमएस’ हा शब्दप्रयोग तर मला अजिबात आवडला नाही. साडेपाच वर्षं जी विद्या शिकायची आणि पुढं जिच्या जोरावर आजारी माणसाच्या अंगाला हात लावायचा, ती ‘निदान’ म्हणून कुणी निवडू नये. रोग्याच्या दृष्टीनंही ते बरं नाही. पशुवैद्यक हा मात्र खरा पर्याय आहे, तोही साडेपाच वर्षांचा आणि प्रवेश नीटच्याच गुणांवर. वर सांगितलेल्या पिल्लाचे दात एका पशुवैद्यानंच तपासले होते. जिवंत जनावरावर उपचार करायला तिला आवडेल का, ते तिलाच विचारा. हो म्हणाली, तर आहेत त्या गुणांवर प्रवेशफेऱ्यांत नाव घाला.

नाही म्हणाली, तर वाट सरळ आहे: जवळच्या चांगल्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी, मग पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एमए (कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षा देऊन जाऊ शकतो), नाहीतर पुणे विद्यापीठात मानवशास्त्र. पदवीपासूनच पुरातत्त्व हवं असेल, तर बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ. एमए म्हटल्यावर ‘सायन्स वाया गेलं’ असं नातेवाईक म्हणतील. म्हणू देत. हाड ओळखायला शरीररचना लागते, दुधाचे अंश शोधायला रसायनशास्त्र लागतं आणि प्राचीन डीएनएला जनुकशास्त्र. तिची बारावी इथं रोज कामाला येईल.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते, कारण गोड बोलून मी तिला फसवणार नाही. जागा थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, कोलकात्याला मुख्यालय असलेलं भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण, लखनौची बिरबल साहनी संस्था, संग्रहालयं, विद्यापीठं, एवढ्यातच फिरायचं आहे. जाहिराती वर्षानुवर्षं निघत नाहीत. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. नाही मिळाली तर ओढाताण होते. वयाच्या तिशीपर्यंत हातात कायमची नोकरी नसेल, ही शक्यता घरानं आजच मान्य करायला हवी. म्हणूनच मी बीएस्सी आधी सांगते. तीन वर्षांनी मन पालटलं, तर बीएड, सूक्ष्मजीवशास्त्र, स्पर्धा परीक्षा, सगळी दारं उघडी राहतात. तुमच्या जिल्ह्यात लग्नाचाही विषय निघेल, तो पदवी हातात येईपर्यंत काढू नका.

आता चार शब्द थेट तिच्यासाठी. हा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, पेटी पुन्हा भर. फक्त पाळीव जनावरांचीच हाडं घे. काळवीट, चिंकारा, मोर, अगदी घोरपडसुद्धा, यांचं हाड किंवा शिंग रानात पडलेलं दिसलं तरी घरी आणू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भानगडीत पडशील. फोटो काढ, जागा टिप आणि पुढं जा. दुसरं, जे जनावर एकाएकी मेलंय, नाकातोंडातून काळपट रक्त आलंय, त्याला हात लावायचा नाही, त्याचं हाडही नंतर घ्यायचं नाही. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. कुठली मेंढी कशानं गेली हे आबांना विचारल्याशिवाय काही उचलू नकोस. हाड साबणाच्या पाण्यात उकळून, सावलीत वाळवून मगच नाव घाल, आणि तारीख-गावाबरोबर नर-मादी, आबांनी सांगितलेलं वय आणि जात (माडग्याळ की दख्खनी) हेही लिही.

आबा आहेत तोवर त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेव. दातांची नावं, कानाच्या खुणा, कोणती मेंढी राखायची आणि कोणती विकायची हे ते कशावरून ठरवतात, कोणता पाला कधी चालतो, वाटेवरच्या मुक्कामांची नावं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यांवरून अभ्यासक जे ओळखू पाहतात, त्याची जिवंत बाजू तुझ्या ओसरीवर बसली आहे. इंग्रजी वाचनाची रोज सवय लाव, कारण या विषयाचं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे. आणि संख्याशास्त्राला घाबरू नकोस. हाडं मोजावी लागतात, नुसती बघून भागत नाही.

सर, सुट्टीत एक दिवस काढून तिला पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजला घेऊन जा. तिथं पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या, आणि प्राण्यांच्या हाडांवर काम करणाऱ्या विभागात कुणी दहा मिनिटं बोलेल का, तेही विचारा. वडिलांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही न्या. तिथल्या माणसांशी बोलायला तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त असेल. बीएस्सीचे प्रवेश चालू आहेत तोवर तिचा अर्ज भरून ठेवा, म्हणजे वर्ष हातचं जाणार नाही. कोणत्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा नीट चालते, हे तिनं मला पत्र लिहून विचारावं. पत्र तिचंच येऊ दे, तुमचं नको.